गोल्फचा बूट : खिळ्यापासून रबरी दातापर्यंत

गोल्फच्या बुटाला एकमेकांच्या विरुद्ध जाणारी दोन कामे करावी लागतात. अठरा होलांचा फेरा पायी पुरा करायचा तर खेळाडू आठ ते दहा किलोमीटर चालतो, आणि तेही सरळ रस्त्याने नव्हे. वाटेत चढ-उतार, दवाने भिजलेले गवत, वाळूचे खड्डे, मुरमाच्या पायवाटा असे सगळे येते. एवढ्या चालीसाठी बूट हलका हवा, पायाबरोबर वाकणारा हवा. पण चेंडू मारण्याची वेळ आली की जेमतेम दीड सेकंदासाठी तोच बूट जमिनीत रोवल्यासारखा घट्ट राहायला हवा. धावण्याच्या बुटाला पुढे सरकायचे असते आणि लष्करी बुटाला टिकायचे असते. चालणे आणि रुतून उभे राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच तळाकडून मागणारा खेळ मात्र विरळा.

उजव्या हाताने खेळणारा माणूस क्लब मागे नेतो तेव्हा शरीराचे वजन उजव्या पायावर जाते. मग कंबर फिरते आणि सगळा भार झपाट्याने डाव्या पायावर येतो. जोरकस फटक्यात डाव्या पायाखालचा दाब बरेचदा शरीराच्या वजनाहूनही जास्त होतो, आणि तो सरळ खाली न जाता पायाला बाहेरच्या कडेकडे ढकलतो. त्याच क्षणी उजवी टाच उचललेली असते आणि तो पाय चवड्याच्या आतल्या कडेवर फिरत असतो. म्हणजे जोडीतल्या दोन बुटांचे कामसुद्धा सारखे नाही. जुन्या जोडाचे तळ पालथे करून पाहिले तर झीजही सारखी दिसत नाही. डावा पाय बोटभर सरकला तरी क्लबचे तोंड वाकडे पडते, आणि दोनशे मीटरवर पोचेपर्यंत चेंडू झाडीत गेलेला असतो.

या बुटाचा इतिहास बहुतेकदा पोशाखाच्या अंगाने सांगितला जातो : दोन रंगांची चामडी, झालरीची जीभ, राजपुत्राची आवड, मोठ्या खेळाडूंच्या जाहिराती. ही बाजू खोटी नाही, पण ती वरवरची आहे. बुटाचा वरचा भाग फॅशनने बदलला, तर तळ पायाखालच्या जमिनीने बदलायला लावला. गवत कापण्याची रीत बदलली, खेळ समुद्रकाठ सोडून आत आला, उष्ण देशांत पोचला, आणि त्या प्रत्येक वेळी तळाची घडण बदलली. पुढे तळच गवताला जाचू लागला तेव्हा गवत राखणाऱ्यांनी खेळाडूंना बूट बदलायला भाग पाडले. पुढचा तपशील हा धागा धरून वाचावा. महाराष्ट्रातल्या वाचकाला तर हा धागा पटकन सापडेल, कारण मुरूम, काळी माती, हरळी आणि चार महिन्यांचा पाऊस या चारही गोष्टी त्याच्या रोजच्या पायाखालच्या आहेत.

स्कॉटलंडमध्ये गोल्फ किती जुना, याचा सर्वांत ठळक पुरावा एका बंदीहुकमाचा आहे. १४५७ मध्ये तिथल्या संसदेने फुटबॉलबरोबर गोल्फलाही मनाई केली, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळांच्या मागे लागली होती. त्यानंतरची कित्येक शतके गोल्फसाठी वेगळा बूट असा नव्हता. खेळ चाले तो समुद्राकाठच्या रेताड पट्ट्यांत. तिथे पाणी साचत नसे, मेंढ्या आणि ससे गवत आखूड ठेवत, आणि उन्हाळ्यात ते माजले की खेळच थंडावे. हिवाळ्यातल्या या खेळाला घरातला जाड, मजबूत चालीचा बूट पुरेसा होता. मात्र ओल्या चढावर चामड्याचा गुळगुळीत तळ घसरतोच. म्हणून लोकांनी तळाला खिळे ठोकले. १८५७ मध्ये ‘अ कीन हँड’ या टोपणनावाने एच. बी. फार्नी यांनी लिहिलेल्या ‘द गोल्फर्स मॅन्युअल’ या छोट्या पुस्तकात, जाड बूट घालावेत आणि त्यांच्या तळाला बारीक खिळे मारून घ्यावेत, असा सल्ला आहे. गोल्फच्या बुटाविषयीचा छापील विचार इथून सुरू झाला असे मानायला हरकत नाही.

खिळे मारलेला तळ मराठी मुलखाला नवा नव्हता. गावोगावचे चर्मकार शेतकऱ्याच्या वहाणेला टाचेखाली लोखंडी नाल आणि चवड्याखाली जाड डोक्याचे खिळे ठोकून देत. झीज कमी व्हावी हा त्यामागचा पहिला हेतू, पण ओल्या बांधावर आणि निसरड्या उतारावर त्याचा आधारही होई. पलटणीत भरती झालेल्या मराठी जवानांना सरकारकडून मिळणारे अॅम्युनिशन बूट याच जातीचे. त्यांच्या तळाला डझनभराहून जास्त खिळे, टाचेला नाल आणि पुढे लोखंडी पट्टी असे. स्कॉटिश गोल्फरने केले ते एवढेच : शेतकऱ्याची आणि सैनिकाची युक्ती त्याने खेळासाठी उचलली. टिकाऊपणासाठी मारलेला खिळा त्याने पकडीसाठी वापरला, आणि या हेतूबदलातूनच पुढे खिळ्याचा आकार बदलला. झीज सोसायला डोके पसरट हवे, जमिनीत शिरायला मात्र टोक हवे.

टोकाची गरज खरी वाढली ती गवत कापण्याच्या यंत्रामुळे. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवतकापणी यंत्राचे पेटंट घेतले. काही दशकांत ही यंत्रे सुधारली आणि मेंढ्यांवाचूनही गवत आखूड ठेवता येऊ लागले. आता गोल्फला समुद्रकाठची गरज उरली नाही. शहरांजवळच्या चिकणमातीच्या, झाडाझुडपांच्या जमिनीवर मैदाने उभी राहिली. ही जमीन पाणी धरून ठेवते आणि पावसानंतर दिवसचे दिवस निसरडी राहते. याच काळात चेंडूही बदलला. पिसे भरलेल्या महागड्या चामडी चेंडूची जागा १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या स्वस्त चेंडूने घेतली. खेळ मूठभर श्रीमंतांच्या हातून मध्यमवर्गाकडे आला आणि बुटाला बाजार मिळाला.

ठोकलेल्या खिळ्याचे दोष उघड होते. तो सैल होऊन गळून पडे, त्याच्या भोकातून पाणी आत झिरपे, आणि पुष्कळ चालल्यावर त्याचे डोके तळातून वर येऊन पायाला टोचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यावर तोड निघाली : तळातच पितळी किंवा पोलादी नट बसवायचा आणि त्यात आट्यांचा स्पाइक पिळून घट्ट करायचा. झिजला तर काढायचा, नवा लावायचा. दिसायला साधी अशी ही सुधारणा बुटाची सगळी बांधणी बदलून गेली. नट धरून ठेवायला तळ जाड आणि दुहेरी लागतो. तो वरच्या चामड्याला पक्का जोडायचा तर नुसत्या खिळ्यांनी भागत नाही. अमेरिकेत तोवर रुळलेली गुडइयर वेल्टची शिलाई इथे उपयोगी पडली. या पद्धतीत वरचे चामडे आणि आतला तळ यांना चामड्याची एक अरुंद पट्टी शिवतात आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवतात. त्यामुळे वरच्या चामड्याला धक्का न लावता तळ उसवून नवा घालता येतो. चांगल्या निगेचा जोड वर्षानुवर्षे चाले तो या शिलाईच्या जोरावर.

हिंदुस्थानात गोल्फ स्कॉटिश व्यापाऱ्यांबरोबर आणि लष्करी अधिकाऱ्यांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईचा रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ चा. म्हणजे स्कॉटलंडमध्ये बुटाला खिळे मारण्याचा सल्ला छापला जाण्याच्या पंधरा वर्षे आधी मुंबईत हा खेळ सुरू झाला होता. पण इथली जमीन वेगळी. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत छावण्यांतली मैदाने वाळून टणक होत. होलाभोवती हिरवे गवत राखायला पाणी परवडत नसे, म्हणून अनेक ठिकाणी ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राउन’ असत : वाळूत तेल मिसळून, दाबून केलेला गोल चौथरा. चेंडू होलात ढकलण्याआधी लाकडी फळीने वाट सपाट करून घ्यायची, अशी रीत होती. अशा जागी बुटाच्या खिळ्याने पडलेली भोके कुणाला सलत नसत, कारण फळी फिरली की ती बुजत. हिरव्या गवतावर हीच भोके पुढे मोठ्या वादाचा विषय होणार होती.

दख्खनच्या मुरमाड माळावर लोखंडी टोकाची मर्यादाही पहिल्यापासून दिसते. टोक जमिनीत शिरले तरच धरते. पुणे जिल्ह्यातला रांजणगाव, शिरूर, दौंड हा पट्टा पर्जन्यछायेतला. इथल्या माळाची वरची माती हातभरसुद्धा खोल नसते, खाली मुरूम आणि काळा कातळ. अशा जमिनीवर उन्हाळ्यात लोखंडी स्पाइक रुतत नाही. तो खडकावर तिरका होतो आणि पाय उलट जास्तच घसरतो. घोड आणि भीमेकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात नेमके उलट घडते. खिळा सहज शिरतो, पण चिकट माती खिळ्यांच्या मधल्या जागेत घट्ट बसते आणि दहा-वीस पावलांत बुटाखाली मातीची जाड चकती तयार होते. मग खिळा जमिनीपर्यंत पोचतच नाही. शेतात चालणाऱ्याला ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणूनच चिखलणीत तो वहाण काढून बांधावर ठेवतो. पकड ही केवळ तळाच्या आकारावर ठरत नाही, तळ आणि माती यांच्या जोडीवर ठरते, हे तत्त्व या दोन जमिनी शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात तळ फारसा बदलला नाही. बदलला तो वरचा भाग. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या स्पाल्डिंग कंपनीने मधोमध वेगळ्या रंगाच्या चामड्याचा पट्टा असलेला बूट काढला. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावे तसा तो पट्टा पायाच्या कमानीवर बसे, म्हणून त्याला सॅडल शू म्हणू लागले. तो मुळात इतर खेळांसाठी होता, पण नाड्यांभोवतालचा भाग त्या पट्ट्यामुळे मजबूत होत असल्याने गोल्फरांना भावला. चामड्यावरच्या नक्षीदार भोकांचा ब्रोग बूट स्कॉटलंड-आयर्लंडच्या दलदलीतून आला. मूळ भोके आरपार असत आणि त्यांतून पाणी निथळे, पुढे ती नुसती शोभेची उरली. नाड्यांवर पडणारी झालरीची जीभ चिखल आणि ओले गवत नाड्यांच्या गाठीत अडकू नये म्हणून आली. तीही नंतर दिखाऊ झाली. गोल्फच्या बुटावरची जवळपास प्रत्येक नक्षी अशी एकेकाळी कामाची होती.

हा पोशाख जगभर नेणाऱ्यांत इंग्लंडचा युवराज एडवर्ड, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड, अग्रभागी होता. गुडघ्याखाली बांधलेली ढगळ विजार, चौकटीचे मोजे आणि दोन रंगांचे बूट असा त्याचा गोल्फचा वेष १९२० च्या दशकात वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांमधून सर्वत्र पोचला. पुण्याच्या वाचकाला हा माणूस वेगळ्या कारणाने माहीत असतो. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी याच युवराजाच्या हस्ते पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला बसली. छत्रपती शाहू महाराजांनी त्या कामी पुढाकार घेतला होता. त्याच दौऱ्यात दोन दिवस आधी तो मुंबईत उतरला तेव्हा शहरात बहिष्कार आणि दंगल उसळली होती. या बुटाला हिंदुस्थानात साहेबी थाटाचा जो शिक्का बसला तो अशा काळाचा आहे. क्लबांची दारे हिंदी लोकांना सहजी उघडत नसत. बॅग वाहणारा कॅडी तेवढेच अंतर चाले, पण बहुधा अनवाणी किंवा साध्या चपलेत. याच कॅडींमधून पुढे भारतातले उत्तम व्यावसायिक खेळाडू निघाले. दिल्लीच्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि दोन वर्षांनी पुन्हा जिंकली. बंगळूरच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या सी. मुनियप्पा यांनी २००९ मध्ये तीच स्पर्धा जिंकली. बुटाच्या इतिहासात या मंडळींची नोंद हवी, कारण जमीन तळपायाने ओळखणे त्यांना बुटाआधी आले होते. अमेरिकेचे सॅम स्नीड तर शरीराचा तोल नीट राहावा म्हणून मुद्दाम अनवाणी सराव करीत.

कारखानदारीचे केंद्र मात्र अमेरिकेत सरकले. मॅसॅच्युसेट्स राज्यातले ब्रॉक्टन हे बुटांचेच शहर. तिथे १८५७ मध्ये, म्हणजे फार्नींचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, फ्रेडरिक पॅकार्ड यांनी सुरू केलेल्या धंद्यातून पुढे फुटजॉय हे नाव उभे राहिले. १९२७ मध्ये त्याच राज्यातल्या वुस्टर इथे पहिली रायडर कप स्पर्धा झाली आणि अमेरिकी संघाच्या पायात फुटजॉयचे बूट होते. पुढची पाच-सहा दशके चांगला गोल्फचा बूट म्हणजे काय, हे बहुतांशी ब्रॉक्टनच्या कारागिरांनी ठरवले.

त्या पद्धतीचा, साधारण १९६० च्या सुमाराचा एक जोड हातात घेऊन पाहिला तर त्याचे गुण आणि दोष एकदमच कळतात. वरचे चामडे वासराचे, आतून मऊ चामड्याचे अस्तर. टाचेच्या आत कडक पत्रा घातल्यासारखा आधार. तळ जाड चामड्याचा आणि त्यात अकरा-बारा नट, साधारण सात चवड्याखाली आणि चार टाचेखाली. प्रत्येक नटात सहा ते आठ मिलिमीटरचा पोलादी स्पाइक. स्पाइकच्या बुडाशी पसरट चकती आणि तिला दोन बारीक छिद्रे. दोन दातांची किल्ली त्या छिद्रांत घालून स्पाइक पिळायचा. ही किल्ली बॅगेच्या कप्प्यात कायम असे, कारण ओलीने आटे गंजत आणि हंगाम उलटल्यावर स्पाइक निघता निघत नसे. बूट चांगलाच जड. गवतावर तो लोण्यात सुरी रुतावी तसा रुते, पण फरशीवर घसरे आणि लाकडी जमिनीवर खळगे पाडी. त्यामुळे क्लबच्या इमारतीत, बारमध्ये, मोटारीत हे बूट चालत नसत. बूट बदलायची वेगळी खोली ही गोल्फ क्लबची ओळख झाली, तिचे मूळ या पोलादी टोकांत आहे.

खरे भांडण मात्र गवताशी होते. होलाभोवतीचे गवत तीन-चार मिलिमीटरपर्यंत खाली कापतात, म्हणजे पात्याचा अगदी बुडखाच उरतो. अशा गवतावर दिवसाला शंभर-दीडशे माणसे फिरली की पोलादी टोकांची हजारो भोके पडतात. पाय ओढत चालणारा असेल तर मुळे उचकटून गवताचे बारीक उंचवटे उभे राहतात. चेंडू होलाकडे हळू सरकत असताना असा एक उंचवटाही त्याला वाकवायला पुरतो. त्यात नियम असा, की चेंडूच्या मार्गात आधीच्या खेळाडूच्या बुटाने झालेले हे व्रण दुरुस्त करायचे नाहीत. चेंडू आदळून पडलेला खळगा बुजवता येई, स्पाइकचा व्रण नाही. त्यामुळे सकाळी पहिल्यांदा खेळणाऱ्याला गुळगुळीत ग्रीन मिळे आणि दुपारी शेवटी येणाऱ्याला नांगरलेले. हा नियम २०१९ मध्ये बदलला, पण तोवर बुटानेच बराचसा प्रश्न सोडवला होता.

उष्ण प्रदेशातल्या ग्रीनवर वाढते ते बर्म्युडा गवत, आणि हे गवत मराठी माणसाला परके नाही. रांजणगावच्या महागणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा आणि शेतकऱ्याला हैराण करणारी हरळी, दोन्ही सायनोडॉन डॅक्टिलॉन. गोल्फच्या ग्रीनसाठी याच वनस्पतीचा आफ्रिकेतल्या एका बारीक पानाच्या भाऊबंदाशी संकर करून बुटक्या जाती तयार केल्या आहेत. हरळीचे बळ तिच्या आडव्या धावणाऱ्या खोडांत असते, पेरापेराला मूळ फुटते. म्हणून ती नांगराला दाद देत नाही आणि तुडवली तरी पुन्हा उठते. पण तीन मिलिमीटरवर कापलेल्या हरळीची ही आडवी खोडे उघडी पडलेली असतात. पोलादी टोक ती तोडते, ओढलेला पाय ती उपसतो. ज्या गवताला शेतात खुरपे घेऊन मारावे लागते तेच ग्रीनवर जपावे लागते, आणि ते जपण्याच्या गरजेतून बुटाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल घडला.

हा बदल एखाद्या मोठ्या कारखान्यातून आला नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉइसी नावाचे शहर आहे. तिथे हिवाळ्यात गोठलेल्या गवताला लोखंडी टोकाने इजा होते म्हणून फॅरिस मॅकमलिन आणि एर्नी डीकन या दोघांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टिकचा क्लीट तयार केला. जुन्याच नटात पिळून बसवता येणारा, मधे टोक नसलेला, कडेने वळणदार उंचवटे असलेला तो छोटा गोल तुकडा. तो जमिनीत शिरत नाही. गवताच्या पात्यांमध्ये अडकून तो पकड घेतो. इथे तत्त्वच बदलले : खिळ्याने भोसकायचे, क्लीटने कवटाळायचे. प्रसिद्ध खेळाडूंनी आधी नाके मुरडली, पाय घसरण्याची भीती घातली. पण मैदाने राखणाऱ्यांनी ही वस्तू लगेच उचलून धरली, कारण ग्रीनवरचा फरक काही आठवड्यांतच दिसत होता. दशक संपेपर्यंत अमेरिकेतल्या बहुसंख्य क्लबांनी लोखंडी स्पाइकला बंदी घातली आणि इतर देशांतले क्लब त्याच वाटेने गेले. व्यावसायिक स्पर्धांत काही नामवंत बराच काळ पोलादाला चिकटून राहिले. पण बाजार सामान्य सभासद चालवतो, आणि त्याला खेळून झाल्यावर बूट न बदलता चहा घ्यायला बसता येणे जास्त मोलाचे वाटले.

टोक गेल्यावर जाड चामडी तळाची गरजही गेली. आठ मिलिमीटरच्या पोलादी स्पाइकला धरायला भक्कम पाया लागे, हलक्या प्लास्टिकला तो लागत नाही. ही वाट मोकळी होताच धावण्याच्या बुटांतले साहित्य गोल्फमध्ये शिरले. मधल्या थराला हलका, फेसाळ ईव्हीए, खालच्या तळाला टीपीयू हे चिवट प्लास्टिक, वर पाणी न धरणारे कृत्रिम चामडे, आत पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा पडदा. शिलाईची जागा चिकटवणीने आणि साच्यात ओतलेल्या तळाने घेतली. क्लीट बसवण्याची पद्धतही बदलली. आट्यांचे कितीतरी वेढे देण्याऐवजी एका पिळात अडकणारी खाच आली. काही जोडांत नाडीही गेली. तिच्याऐवजी बारीक पोलादी तार आणि ती आवळणारी चकती आली.

ही सामग्री रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या पायातही असते. त्याच्या सेफ्टी शूजचा तळ बहुधा दोन घनतांच्या पॉलियुरेथेनचा, आत मऊ आणि बाहेर टणक, साच्यात एकावर एक ओतलेला. पुढे बोटांवर २०० जूल ऊर्जेचा आघात सोसणारी टोपी. ती गोल्फच्या बुटात नसते, आणि तेलकट फरशीसाठी काढलेल्या खाचा गवताला उपयोगी पडत नाहीत. पण तळ ओतण्याचे तंत्र आणि दोन थरांमागचा विचार सारखाच : पायाला लागणारा थर धक्का सोसतो आणि जमिनीला लागणारा झीज. क्रीडा आणि कारखाना यांच्या पादत्राणांमधली भिंत एकोणिसाव्या शतकात खिळ्याने जशी ओलांडली तशी विसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टिकने ओलांडली.

पुढचा टप्पा स्पाइक पुरता काढून टाकण्याचा. तळाबरोबरच घडवलेल्या रबरी गुठळ्या ही कल्पना जुनीच होती, पण ती हौशी आणि हलक्या बुटांपुरती राहिली होती. २०१० च्या मास्टर्स स्पर्धेत पन्नाशी गाठलेले फ्रेड कपल्स मोजे न घालता एको कंपनीचे असे बूट घालून उतरले. दिसायला ते रस्त्यावर घालायचे साधे बूट. कपल्स सहावे आले आणि एको या डॅनिश कंपनीकडे मागणीचा पूर लोटला. तेव्हापासून स्पाइकविरहित बूट हा स्वतंत्र वर्ग झाला. शेकडो छोट्या, वेगवेगळ्या उंचीच्या दातांनी तो जमिनीला लागतो. सपाट कोरड्या जमिनीवर त्याचा जास्त भाग टेकतो, म्हणून टणक मैदानावर तो क्लीटपेक्षाही स्थिर वाटतो. ओल्या उतारावर मात्र त्याची पकड कमी पडते.

मालकीचा नकाशाही बदलला. फुटजॉय १९८५ मध्ये अॅकुशनेट कंपनीकडे गेली आणि २०११ मध्ये अॅकुशनेटच फिला कोरियाच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांनी विकत घेतली. एलजीच्या कारखान्यामुळे रांजणगावला कोरियाचे नाव परके राहिलेले नाही. त्या देशात गोल्फ किती रुजला आहे याची खूण १९९८ मधल्या एका दृश्यात सापडते. पाक से-री यांनी अमेरिकेच्या महिला ओपनमध्ये तळ्याच्या काठाशी अडकलेला चेंडू मारण्यासाठी बूट आणि मोजे काढले, पाण्यात उतरून फटका मारला आणि स्पर्धा जिंकली. शतकभराच्या सुधारणा बाजूला ठेवून पाय थेट चिखलात रोवणे हा त्या क्षणी सर्वांत बिनचूक निर्णय होता.

महाराष्ट्रात आज चेंबूरचे १९२७ पासूनचे बॉम्बे प्रेसिडेन्सी, येरवड्याचे पूना क्लबचे मैदान, पुण्याजवळच्या डोंगरातले ऑक्सफर्ड, लष्करी ठाण्यांतली मैदाने अशी वेगवेगळ्या जमिनींची मैदाने आहेत. पुण्याचे उदयन माने यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा या खेळाकडे मराठी घरांतून थोडे अधिक लक्ष गेले. बुटाची निवड करताना मात्र परदेशी जाहिरातींतले निकष इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मुंबईच्या पावसात क्लीटचा बूट आणि पाणी अडवणारा पडदा उपयोगी. पण तो पडदा वाफ बाहेर टाकतो ती आतली आणि बाहेरची हवा वेगळी असेल तरच. दमट हवेत तो जवळपास निकामी होतो आणि पाय घामाने भिजतो. पुण्याच्या पूर्वेच्या कोरड्या मुलखात आठ महिने स्पाइकविरहित, जाळीदार बूट अधिक शहाणपणाचा. पावसाळ्यात मात्र दातांमधली जागा मोठी असलेला क्लीट निवडावा, कारण बारीक दातांत काळी माती लगेच बसते. मऊ क्लीट मुरमावर आणि सिमेंटच्या वाटेवर झपाट्याने झिजतात. साधारण पंधरा-वीस फेऱ्यांनंतर ते पाहून बदलावेत, आणि डाव्या पायाचे बाहेरच्या कडेचे आधी पाहावेत.

एका बाबतीत नवा बूट जुन्यापेक्षा उणा आहे. वेल्टचा जोड मोच्याकडे देता येई. तो रापीने तळ सोडवी, आरीने नवा तळ शिवी आणि बूट पुन्हा उभा राही. चिकटवलेला, ओतलेला तळ झिजला की सगळा जोडच टाकावा लागतो. पॉलियुरेथेनचा तळ तर न वापरताही मरतो. हवेतला ओलावा त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडतो, आणि कपाटात चार-पाच पावसाळे पडून राहिलेला, दिसायला कोरा जोड पहिल्याच फेरीत टाचेपासून भुगा होऊन सुटू लागतो. कोकणात आणि मुंबईत हे लवकर घडते, रांजणगावच्या कोरड्या हवेत जरा उशिरा. खेळून आल्यावर सुकतळी बाहेर काढून बूट सावलीत वाळवणे, माती ओली असतानाच ब्रशने झाडणे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न ठेवणे आणि जोड अधूनमधून पायात घालत राहणे एवढे केले तर त्याचे आयुष्य वाढते. तळ बदलता येईल असे शिवणीचे बूट काही कारखाने अजूनही थोड्या संख्येने बनवतात. ते जड आणि महाग असतात, आणि त्यांच्या तळातल्या नटांमध्ये आता पोलादाऐवजी प्लास्टिकचे क्लीट बसवतात.